पाटल्या घरच्याच ना?

रत्नागिरीत माझे वडील शाळामास्तर होते. पेज खाऊन माणूस मरत नाही, हे वाक्य आम्हाला रोज सकाळी पेजेबरोबरच मिळायचं. घरात वाढायच्या डवल्या करवंटीच्या, माझी लुगडी दोन, आणि वडिलांच्या वहाणा फक्त शाळेत जाण्यापुरत्या. मला काही कमी आहे असं कधी वाटलं नाही. कुणी कीव करायला आलं की मात्र माझं डोकं फिरायचं.

मला सतरावं लागलं आणि मुंबईचं एक स्थळ बोटीने बघायला आलं. आईने देव पाण्यात घातले होते, कारण याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. मंडळी यायच्या आधी तिने माझ्या हातात चार पाटल्या चढवल्या. शेजारच्या खोतीणकाकूंच्या. मुलगी दाखवायची तर शेजारचं सोनं घालायचं, ही आमच्या आळीची रीतच. त्या पाटल्यांनी माझ्याआधी किती पोरी दाखवल्या असतील, देव जाणे!

"काढ त्या," मी म्हटलं.

"गप बस गो! घटकाभराचा तर प्रश्न," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. म्हणून मी त्या हातात राहू दिल्या. वडिलांना यातलं काही ठाऊक नसणार, अशी माझी खात्री होती.

पोहे देताना मुलाच्या आईने माझं मनगट धरलं. स्वयंपाकाचं विचारता विचारता बाई अंगठ्याने पाटल्यांचं वजन बघत होती.

"चांगल्या जड आहेत हो. घरच्याच ना?"

आईचा चेहरा पांढरा पडला. वडील खाली बघत राहिले.

"नाही," मी म्हटलं, "शेजारच्या काकूंच्या. संध्याकाळी परत द्यायच्यात. माझ्या या." आणि काचेच्या बांगड्या वाजवून दाखवल्या.

मंडळी तशीच उठली. बशीत पोहे टाकून! पेज खाणाऱ्या आमच्या घरात!

"वाटोळं केलंस स्वतःचं," आई रडत म्हणाली.

"झालं तर झालं. वजन करून न्यायला मी काय सुपारी आहे?"

पाटल्या परत द्यायला मीच गेले. खोतीणकाकू म्हणाल्या, "आईवर रागावू नकोस हो. तुझे वडील स्वतः आले होते मागायला. आत या म्हटलं, पण पायरीशीच उभे राहिले."

मी तरातरा घरी आले. वडील विहिरीवर पाय धूत होते.

"तुम्ही मागितल्यात?"

खोटं त्यांना जमत नसे. "धीर सुटला गो माझा," ते म्हणाले. "वाटलं, कुणाकडे काही न मागायच्या माझ्या हट्टापायी तू बिनलग्नाची घरात राहशील."

"राहिले तर राहिले! पण पुन्हा कुणाच्या पायरीशी उभं राहायचं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही."

त्या काळी बापाशी असं कुणी बोलत नसे. ते नुसते "बरं" म्हणाले, आणि दिवसभर ताठ उभ्या राहिलेल्या मला तिथेच विहिरीपाशी रडू कोसळलं.