फटफटीचं हँडल का थरथरतं

दुसरी मोठी लढाई संपली, त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या घरी फटफटी आली. आम्ही तेव्हा नगरला राहत होतो. माझे यजमान गुरांचे डॉक्टर होते आणि मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. लसी टोचत, लाळखुरकतीची साथ बघत त्यांना श्रीगोंदा, काष्टी असं गावोगाव फिरावं लागे आणि सायकलवर ते जमेनासं झालं होतं. छावणीत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून त्यांनी ही घेतली. हिरवट रंगाची, चांगली जड, आणि सुरू केली की सगळी आळी खिडकीत येई.

वर्षभर ती बिनतक्रार चालली. मग एका दुपारी यजमान काष्टीहून परतले ते एक बाही फाटलेली, कोपर सोललेलं आणि सगळ्या अंगावर मुरूम. मी गरम पाणी आणलं. जखम धुताना त्यांनी सांगितलं की सरळ रस्ता होता, गाडी वेगात होती आणि एकदम हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग एवढं की मुठी हातातून सुटतील असं वाटलं. त्यांनी घाबरून एकदम वेग कमी केला, तर थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. गाडी रस्ता सोडून चरात गेली आणि ते बाभळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर पडले.

मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटलीही. पण त्याहून जास्त मला नवल वाटलं. दर रविवारी चर्चमधली उपासना झाली की आम्ही दोघं त्याच गाडीवरून कुठेतरी जायचो, कधी केडगावच्या पुढे, कधी नातेवाइकांकडे. मागे बसून मला एकदाही अशी थरथर जाणवली नव्हती. मी तसं म्हणाले, तर ते जरा दुखावले.

"म्हणजे मी उगाच सांगतोय का?"

"तसं नाही. पण मी असताना ती का होत नाही, एवढंच विचारते."

जेवताना मी आणखी विचारत राहिले. कोणत्या वेगाला होतं? ताशी चाळीस मैलांच्या आसपास, त्याखाली नाही. चढावर होतं का? नाही. पडण्याआधी कधी झालं होतं? थोडं थोडं दिवाळीनंतर सुरू झालं होतं, पण त्यांनी ते रस्त्याच्या माथी मारलं होतं. आधी ते त्रासून उत्तरं देत होते. मग भाकरी ताटात तशीच राहिली आणि दोन्ही हात पुढे धरून ते मला हँडल कसं हलतं ते दाखवायला लागले.

आमच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवून आलेला, मूळचा श्रीगोंद्याकडचा. छावणीच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. त्याने पुढचं चाक उचलून धरलं, फिरवलं आणि कडेला खडू टेकवला. खडूची रेघ अर्ध्याच कडेवर उमटली. चाक वाकडं फिरत होतं. त्याने आरे कसून ते सरळ केलं आणि आता काही होणार नाही असं सांगितलं. यजमान पुण्याच्या रस्त्यावर एक फेरी मारून आले. थरथर होतीच.

मग त्याने इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची खालची दोन्ही टोकं धरली आणि मागे-पुढे ओढली. हँडलखालच्या मानेशी 'टक्' असा आवाज आला. मला त्याने हात लावून बघायला सांगितलं. खरंच, ढिल्या दातासारखं काहीतरी आत हलत होतं. मान उघडली तर आतले बेअरिंगचे छर्रे खड्डे पडून खरबरीत झालेले, दोन तर फुटलेलेच. ते ज्या वाटीत बसतात तिलाही खळगे पडले होते.

"हे हाय तुमचं भूत," तो म्हणाला.

भंगारातल्या तसल्याच एका गाडीतून त्याने चांगली वाटी आणि छर्रे काढून बसवले. यजमान श्रीगोंद्याला जाऊन खुशीत परतले. चाळिसाला हँडल अगदी शांत होतं. आम्ही त्या रात्री गोड केलं. पण दोन-चार दिवसांनी ते गप्प होऊन घरात आले, आणि टोपी काढायच्या आधीच मला कळलं. पंचेचाळिसाला पुन्हा थरथर आली होती. पूर्वीपेक्षा कमी, पण तीच.

हँडलच्या मधोमध एक काळी घुंडी होती. ती पिळली की हँडल जड होई. मिस्त्रीने ती घट्ट करून दिली. थरथर बरीचशी दबली, पण हळू चालवताना हँडल वळेना, आणि काष्टीच्या बाजारात म्हशींच्या रांगेतून वाट काढताना यजमान गाडीसकट शेणात आडवे झाले. त्यांनी घुंडी तिथेच सैल केली आणि आता पंचेचाळिसाच्या वर जाणारच नाही असं मला सांगितलं.

त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. माझ्या दृष्टीने तसाच उभा होता. छर्रे बदलल्यावर थरथर कमी का झाली, आणि कमी झाली तर संपली का नाही? एके रविवारी मी मागे बसून त्यांना मुद्दाम पन्नासला न्यायला लावलं. काहीही झालं नाही. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला की बाई बसल्या की वजन पडतं, म्हणून गाडी धरून चालते. ते पटण्यासारखं होतं. पण मला ती थरथर स्वतःच्या हातांनी बघायची होती.

गाडी मला चालवता येत होती. पहिल्याच वर्षी छावणीपलीकडच्या माळावर त्यांनी शिकवलं होतं, फक्त गावात चालवायची नाही असं आमचं ठरलं होतं. मी विषय काढला तेव्हा ते सरळ नाही म्हणाले. मी आठवडाभर विचारत राहिले. शेवटी एका सकाळी आम्ही पुण्याच्या रस्त्यावर गेलो. मी नऊवारी नेसून पदर खोचला होता. ते रोज कामावर नेतात तशीच गाडी हवी म्हणून त्यांची औषधांची पेटी मागे बांधायला लावली. त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं की हँडल आवळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, वेग हळूहळू सोडायचा.

चाळीसपर्यंत मला फक्त वारा आणि इंजिन ऐकू येत होतं. मग रस्त्याला एक लांबट उंचवटा आला. तो ओलांडताना मागची बाजू खाली बसली आणि माझ्या हातातलं हँडल एकदम हलकं झालं, जसं पाण्याने भरलेली कळशी कुणी हळूच हातातून काढून घ्यावी. त्यानंतर ती आली. आधी मनगटात, मग कोपरात, मग पुढचा दिवाच डावी-उजवीकडे पुसट दिसायला लागला. मी हात सैल ठेवले आणि वेग हळूहळू सोडला. काही क्षण थरथर वाढली, मग विरून गेली.

परत येऊन मी गाडी स्टँडला लावली. यजमान पांढरे पडले होते. ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हँडल आधी हलकं होतं. हलतं नंतर."

त्यांनी हँडल हातात धरून बघितलं. मग म्हणाले की हो, तसं होतं खरं, पण तो वेगाचा परिणाम असावा असं वाटून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही ज्वारीचं पोतं घेऊन तिथेच गेलो. मिस्त्रीही आपल्या सायकलवरून आला. माझ्या वजनाने थरथर जाते, तर पोत्यानेही जायला हवी. पोतं पेटीवर आवळून बांधलं आणि यजमान निघाले. ते फार लांब गेलेच नाहीत. पस्तिसालाच हँडल एवढं हललं की ते हळूहळू थांबवत परत आले. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "वजनानं बरं व्हायचं, तर हे वाढलं कसं?"

मी पेटी सोडायला सांगितली आणि पोतं मी बसते त्या गादीवर बांधलं. यजमान पन्नासला जाऊन आले. काही नाही. मग पोतंही काढलं, एकटेच गेले. तरीही काही नाही. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या त्या पेटीकडे बघत राहिलो. रविवारी मी बसले की ती घरी राहत असे, त्यामुळे ती आणि मागे बसलेली मी त्या गाडीवर कधी एकत्र आलोच नव्हतो.

पेटी दिवाळीत बदलली होती. साथ वाढली म्हणून यजमानांनी सुताराकडून मोठी करून घेतली, तिच्यात बाटल्या, पिचकाऱ्या आणि लोखंडी अवजारं ठासून भरलेली. ती बसावी म्हणून सामान बांधायची मागची लोखंडी पट्टी हातभर लांबवली होती, आणि पेटी चाकाच्याही मागे लोंबत होती. थरथर पुढे होती म्हणून सगळे पुढेच शोधत होतो. मागच्या पेटीकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

"उलाळ झालीय," यजमान अचानक म्हणाले. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की जू वर उचललं जातं, त्याला आमच्याकडे उलाळ म्हणतात. तशीच पेटीच्या भाराने गाडीची पुढची बाजू हलकी होत होती; ढिल्या छर्ऱ्यांनी थरथर फक्त वाढवली होती. मिस्त्री हसायला लागला.

"व्हय की. बैलगाडी असती तर आमाला लगेच कळलं असतं."

त्याने पट्टी कापून टाकली. मोच्याकडून जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, आणि तट्टाच्या पाठीवर ओझं टाकतात तशा त्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबवल्या. सामान तेवढंच होतं, फक्त जागा बदलली होती. यजमान ती गाडी पुढे कित्येक वर्षं वापरत राहिले आणि कामावर जाताना पन्नासलाही तिने पुन्हा कधी त्रास दिला नाही.

मला मात्र एक गोष्ट उलगडली नाही. पेटी बांधलेली असताना पंचेचाळिसाला येणारी थरथर साठला राहते की आपोआप थांबते? मी हे शाळेच्या शिक्षकांना विचारलं, पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनाही विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. शेवटी एकदा यजमानांपाशी विषय काढला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अंगणात जाऊन ती जुनी पेटी उचलली आणि फोडून चुलीच्या सरपणात घातली.