नव्या फोनात न आलेला आवाज

सटवाजी एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली आणि पाठोपाठ घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. तेव्हा मुलगी नीलमनं त्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकलं आणि रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात त्यात भरून ठेवली. बटण दाबलं की फोन बोले, "रुख्मिणी, चहा ठेव." "आलो गं." ऑपरेशननंतर सोनपेठच्या बाजारात ते भावसुद्धा याच आवाजात करत.

यंदा फोन लय गरम व्हायला लागला, म्हणून ते नवा घ्यायला गेले. दुकानदार नागेश म्हणाला, "काका, जुना इथंच द्या, किंमत कमी करतो. बॅकअप घेतो, सगळं जसंच्या तसं येतंय." सटवाजींनी बोटानं ॲप दाखवलं. नागेशनं न बघताच मान हलवली. फोटो आणि नंबर नव्या फोनात टाकले आणि जुना तिथल्या तिथं पुसून रिकामा केला.

घरी येऊन ॲप उघडलं, तर सगळी बटणं कोरी.

नवरा-बायको दोघं तसेच दुकानात गेले. सटवाजींनी काउंटरवर हात आपटला. त्यापलीकडं भांडायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. पत्नी रुख्मिणीबाई कडाडल्या, "माणसाचं बोलणं पुसलंस तू!"

"काकू, फोटो तर आले की! ह्या ॲपचा बॅकअप ॲपमधूनच वेगळा घ्यावा लागतो. काकांनी सांगायला पाहिजे होतं."

"सांगायला? ह्यांनी?"

 नागेशनं माफी तर मागितलीच नाही, उलट फोनचं कव्हर फुकट देऊ केलं. रुख्मिणीबाईंनी ते त्याच्याच अंगावर भिरकावलं.

नीलम परभणीहून आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं बॅकअपची फाइल काढून स्वतःला पाठवली होती. ती नव्या फोनात घेऊन तिनं 'रिस्टोअर' दाबलं. बटणं भरली. "आलो गं," फोन बोलला. सटवाजींनी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबलं.

रुख्मिणीबाई मात्र एकेक बटण दाबत शेवटपर्यंत गेल्या. फाइल काढली त्या दिवशीच संध्याकाळी, नीलम दवाखान्यातून डबा आणायला गेली असताना, सटवाजींनी त्यांच्यासाठी आणखी काही बोलून ठेवलं होतं. ते फाइलीत नव्हतं. काय होतं, ते दोघांनी लेकीलाही सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानाच्या काचेवर नवा कागद चिकटवलेला होता: 'आपल्या डेटाची जबाबदारी आपली.' रुख्मिणीबाईंनी पिशवी खाली ठेवली, नखानं कोपरा उचकटला आणि सगळ्यांदेखत तो टराटरा फाडला. नागेश आतून बघत होता.

"लाव दुसरा," त्या म्हणाल्या, "त्योबी फाडते."