वाघ, शेळी आणि शेंगापोळ्यांचा डबा

माझ्या मुलीच्या बारशाला मी सोडून सगळे हजर होते.

मी आजारी नव्हतो, परगावी नव्हतो, बायकोशी भांडणही नव्हतं. हॉल मीच ठरवला होता, पाळण्याला फुलं मीच सांगितली होती. आणि ऐन बारशाच्या वेळी मी सोलापूर स्टेशनवर रेल्वेच्या खिडकीत डोकं घालून एका अनोळखी बाईंच्या शिव्या खात होतो. हे सगळं घडलं माझ्या बुद्धिमत्तेमुळं. (खरंच! मी स्कॉलरशिपच्या पोरांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. क्लासच्या बोर्डावर तसं लिहिलंय, शेजारी हनुवटीला हात लावलेला माझा फोटोही आहे.)

त्या दिवशी सकाळी मला दोन माणसं आणायची होती. एक माझी थोरली बहीण, अक्का. ती जेऊरहून रेल्वेनं येणार होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिच्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. दुसऱ्या माझ्या सासूबाई. त्या बाळंतपणासाठी आमच्याकडंच होत्या, पण दाण्याकूट-गुळाची शेंगापोळी मैंदर्गीच्या चुलीवरच झाली पाहिजे, असा हट्ट धरून माहेरपणाला जावं तशा गावी गेल्या होत्या. आता तेलाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात पोळ्या ठासून भरून त्या एसटीनं परत आल्या होत्या.

अक्काला स्टेशनवरून आणि सासूबाईंना स्टँडवरून माझ्या जुन्या गाडीत बसवलं. अक्का पुढं, सासूबाई मागं, आणि डबा सासूबाईंच्या शेजारी, तिसऱ्या पाहुण्यासारखा ऐसपैस. गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत नावावरून सुरू झालं.

"मी तर परी ठेवनार हाय," अक्का काचेतून बाहेर बघत म्हणाली.

"परी?" मागून सासूबाई. "अय्यय्य! उद्या तिला नातवंडं झाली की परीआज्जी म्हणायचं का?"

"मग तुमचं काय हाय?"

"नीलांबिका. माज्या सासूचं नाव."

"लई लांब हाय. पोरगी शाळेत नाव सांगंपातूर मधली सुट्टी हुईल की!"

"यप्पा! माज्या सासूच्या नावाला हसता?"

"सासूला न्हाय हसले, लांबीला हसले!"

तेवढ्यात अक्काच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा मला फोन आला. मी गाडी बाजूला घेऊन फोन कानाला अगदी चिकटवून धरला.

"पका, पोचली का ती? नीट ऐक. तिची साखर लई वाढलीया. डॉक्टरनं दम दिलाय. गोडाजवळ तिला एकटी सोडू नगंस. दिवाळीत अनारशाच्या डब्याजवळ एकटी घावली आन् थेट दवाखान्यात न्ह्यावी लागली!"

मी आरशातून मागच्या डब्याकडं बघितलं. मग अक्काकडं बघितलं. अक्का आधीच डब्याकडं बघत होती.

अक्कलकोट रोडला लागलो, एमआयडीसीतल्या मागांचा खडखडाट ऐकू यायला लागला, आणि हॉल जवळ आला म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच गाडीनं एक उचकी दिली आणि ती बंद पडली. (मला तिचा हेवा वाटला.) समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याचा मुलगा माझ्याच क्लासला. टपरीवाला म्हणाला, "सर, माझी मोटरसायकल न्या की! हॉल काय, हितनं जवळच हाय."

मी त्याचे आभार मानले आणि एकदम जागच्या जागी थिजलो.

मोटरसायकलवर माझ्यामागं एकच काहीतरी मावणार होतं. एक माणूस, नाहीतर दोरीनं बांधून तो डबा. अक्काला आणि सासूबाईंना एकत्र सोडलं तर भांडण. अक्काला आणि डब्याला एकत्र सोडलं तर दवाखाना. सासूबाई आणि डबा मात्र एकत्र राहू शकत होते, कारण पोळ्या त्यांनीच केल्या होत्या आणि त्यांना गोड आवडत नव्हतं.

अहो, हे तर वाघ, शेळी आणि गवताचं कोडं! नदी ओलांडायची, होडीत एका वेळी एकच न्यायचं, वाघानं शेळी खायची नाही, शेळीनं गवत खायचं नाही. कित्येक वर्षं मी हे फळ्यावर सोडवत आलो होतो आणि आज ते माझ्यापुढं चक्क रस्त्यावर, पदर खोचून उभं होतं! माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. रिकामी!

"किदर जाना है जी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नको, नको," मी म्हणालो. "कोडं सुटलंय माझं."

त्यानं माझ्याकडं, मग दोघींकडं बघितलं, आणि गिअर टाकला.

कोड्याच्या नियमाप्रमाणं आधी शेळी न्यायची. मी अक्काला मागं बसवलं. सासूबाई डब्याला टेकून टपरीच्या बाकावर बसल्या. हॉलवर अक्काचं जोरदार स्वागत झालं. कुणी हळदीकुंकू लावलं, कुणी पाणी दिलं, आणि पाळण्याजवळच्या मानाच्या खुर्चीवर तिला बसवलं. अक्का जरा फुलली. मी उलट्या पावली टपरीवर गेलो आणि दुसऱ्या फेरीत सासूबाईंना आणलं. डबा टपरीवाल्याच्या हवाली.

आता या कोड्याची खरी गंमत पुढंच आहे. पोरं इथंच अडकतात. वाघ पलीकडं पोचला की शेळीला परत अलीकडं आणावं लागतं! हे सांगताना मी वर्गात नेहमी क्षणभर थांबतो, खडू खाली ठेवतो आणि पोरांचे चेहरे बघतो.

मी मानाच्या खुर्चीपाशी गेलो.

"अक्का, चल. परत जायचंय."

"कुटं?"

"जिथून आणली तिथं."

सासूबाई दारातच थबकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देवाशप्पथ, मी काय बी सांगितलं न्हाई हं जावईबापूंना!" त्यामुळं ज्यांना शंका आली नव्हती त्यांनाही आली.

अक्काचा चेहरा पांढरा पडला. "कुनाला काय झालं का रं? दाजी बरं हायत न्हवं?"

"सगळे बरे आहेत. तू फक्त बस गाडीवर. शेवटी तुलाच आणायचंय."

बिचारी घाबरून बसली. रस्ताभर मागून विचारत होती, "पका, खरं सांग, काय झालंय?" आणि मी मान न वळवता म्हणत होतो, "बरोबर येतंय, अक्का, अगदी बरोबर येतंय!"

टपरीवर मी तिला उतरवलं आणि डबा मागच्या सीटवर चढवून दोरी आवळायला लागलो. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्यो डबा न्यायला मला परत आनलंस?"

"अगं, समजून घे. तुला आणि डब्याला एकत्र ठेवता येत नाही. तुला आणि सासूबाईंनाही एकत्र ठेवता येत नाही. म्हणजे तू शेळी आहेस."

"काय हाय मी?"

"शेळी. सासूबाई वाघ. आणि हे गवत." मी डब्यावर थाप मारली. "आता गवत पलीकडं सोडतो आणि परत येऊन तुला नेतो. झालं!"

टपरीवरचे लोक चहा प्यायचे थांबले. आमच्या अक्काला गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला वाटलं, तिला पटलं!

डबा घेऊन हॉलवर पोचलो तर दारात माझी बायको, रूपा उभी. इतका वेळ ती आतल्या खोलीत बाळाला पाजत होती, नाहीतर पुढचं टळलं असतं.

"अक्कांना कुठं सोडून आलात?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. फेऱ्यांसह. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "हॉल माणसांनी भरलाय. दोघी भांडल्या असत्या तर सोडवायला कुणी नव्हतं का?"

कोड्यात नदीच्या काठावर पाहुणे नसतात हो!

"आणि इथून कुणाची गाडी मागवली असती तर? रिक्षा केली असती तर?"

"रिक्षा आली होती," मी खरं ते सांगितलं. माझ्या संसारात मी केलेली ही सगळ्यात मोठी चूक. रूपानं फक्त दरवाज्याकडं बोट केलं.

मी टपरीवर पोचलो. बाक रिकामा.

"सर, तुमच्या अक्का गेल्या रिक्षानं," टपरीवाला नजर चुकवत म्हणाला. "लई तापल्या हुत्या. म्हनाल्या, शेळी चालली आपल्या गावाला, स्टेशनला घ्या."

आत्याच नाही तर बारसं कसलं? आणि जेऊरला पोचून तिनं दाजींना, काकांना, सगळ्या भावकीला हे सांगितलं तर? फोन करावा तर फोन मी रूपाशी बोलताना तिच्याच हातात ठेवून आलो होतो, फेऱ्यांची आकृती दाखवायला. मी सुसाट स्टेशन गाठलं. पुण्याकडं जाणारी गाडी सुटायच्या बेतात उभी होती. मी खिडक्यांमधून वाकून बघत पळायला लागलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अक्काऽऽ!"

सोलापुरात 'अक्का' म्हणून हाक मारू नये. मराठीत अक्का, कानडीत अक्का, तेलुगूत अक्का! निम्म्या गाडीतल्या बायकांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. एकीनं हातातलं बाळ दुसरीकडं देऊन "एवरू?" विचारलं, एकीनं "यारप्पा?" विचारलं; दोन्हीचा अर्थ एकच, कोण रे? एका खिडकीत मला अक्काच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसला म्हणून मी डोकं आत घालून कळवळून म्हणालो, "चूक झाली, घरी चल, पोरीकडं बघून तरी चल!" ती बाई अक्का नव्हती. तिचा नवरा शेजारी बसला होता. आणि तो खरंच तिच्याकडं संशयानं बघायला लागला! त्यानंतर तिनं मला जे ऐकवलं ते तिन्ही भाषांत होतं.

गाडी गेली. अक्का काही सापडली नाही. मी खांदे पाडून हॉलवर परतलो. मनात एकच ठरवलं होतं, की सगळ्यांपुढं हात जोडायचे आणि बारसं पुढं ढकलायचं.

आत शिरलो तर पंगत बसली होती. पाळणा हलत होता. आणि समोर, एकमेकींना चिकटून, अक्का आणि सासूबाई जेवत होत्या!

झालं होतं असं, की रिक्षा वळणावर पोचल्यावर अक्काच्या मनात आलं, भाऊ शहाणा नाही यात त्या लेकराचा काय दोष? तिनं रिक्षा हॉलकडं वळवली. उन्हानं लाल झालेली, घामाघूम अक्का दारात दिसली तशा सासूबाई पळत गेल्या. "अय्य देवा, या उन्हात उभं केलं काय तुमाला? या, आदी सावलीत या." पाणी दिलं, पदरानं वारा घातला. मग अक्कानं शेळीचं सांगितलं. आणि वाघाचंही सांगितलं.

"मी वाघ?" म्हणून सासूबाई जे उठल्या, ते थेट डब्यापाशी. झाकण उघडलं. पोळ्यांच्या वर एक गाठोडं होतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"तुमाला गोड चालत न्हाई, ते म्हाईत हाय मला," त्या अक्काला म्हणाल्या. "तुमच्यासाटी येगळं आणलंय. वाघ असं आणतो काय?"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. परी गेली, नीलांबिका गेली, दोघींनी मिळून भलतंच नाव ठरवलं, आणि बापाची वाट कोण बघतो, म्हणून अक्कानं ते बाळाच्या कानात सांगूनही टाकलं.

"काय नाव ठेवलंत?" मी हळूच विचारलं.

अक्कानं चटणीचं बोट चाटलं. सासूबाईंकडं बघितलं. दोघी हसल्या, आणि मला कळलं की आता माझं काही खरं नाही.

"तू हुशार हायस न्हवं? मग वळख. उनात घावती, अंधारात हरवती. तू चाललास की चालती, थांबलास की थांबती. काय?"

सगळी पंगत हात थांबवून माझ्याकडं बघायला लागली. माझ्या क्लासच्या दोन पोरांचे आईबापही होते. मी हनुवटीला हात लावला. चालताना बरोबर चालते, थांबलं की थांबते. बरं. आणि अंधारात हरवते. लाईट गेली की रात्री काय सापडत नाही? सगळे धागे जुळले!

"चप्पल!" मी ओरडलो.

मग अख्खा हॉल असा हसला की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं.

"पोरीचं नाव चप्पल ठिवलंय व्हय रं मी?" अक्का फक्त ताटावरून उठायची बाकी होती.

रूपानं माझे दोन्ही खांदे धरून मला मागं वळवलं. पाळण्याला पुठ्ठा अडकवला होता. त्यावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सावली.

सावली आता बालवाडीत जाते. अक्काचा दर रविवारी फोन येतो आणि ती पहिलं काय विचारते, तर, "चप्पल कशी हाय रं आपली?" सासूबाईही मैंदर्गीहून तेच विचारतात. आता तर रूपासुद्धा लाडात आली की, "चप्पल, इकडं ये गं!" म्हणून हाक मारते. सावली टुणटुण उड्या मारत येते. ही हाक ऐकून आपल्या पायांकडं बघणारा घरात मी एकटाच उरलोय.