काकाची मिशी

पिंपळनेरच्या आमच्या गल्लीत अभिमनकाकाच्या मिशीचा रुबाब मोठा. घरात मात्र चालायचं तानुकाकूचंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पुतण्या, शेजारच्याच घरातला, पण जेवायला कायम त्यांच्याकडे.

एक्क्याण्णव साली काकूच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग धुळ्याला किमो सुरू झाली. लाल औषधाची सलाईन लावायचे. परतताना साक्री येईपर्यंत काकू बसमध्ये पिशवी तोंडाशी धरून बसायची. तोंड आतून इतकं सोललं होतं की दूधसुद्धा झोंबायचं. या कशाबद्दलच तिने कधी कुरकुर केली नाही. पण दुसऱ्या सलाईननंतर केस गेले आणि बाई हटूनच बसली.

“धनी जित्ता शे नि मी बोडकी? माले नही जानं आते दवाखानामा.”

आम्हाला वाटलं, लाज वाटत असेल. लाज नव्हती. बोडकी म्हणजे नवरा गेल्यावर केस उतरवलेली बाई. ती चाल कधीच बंद पडली, शब्द मात्र मागे राहिला. नवरा समोर बसलेला असताना आपलं डोकं असं झालं, म्हणजे आपण त्याच्या जिवावर उठलो, असं काकूने मनात घेतलं होतं. औषध अर्धवट सोडलं तर गाठ परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. काकू म्हणाली, येऊ दे. मला तिचा भयंकर संताप आला. बाई मरायला तयार, पण अपशकुन करायला तयार नाही!

सकाळच्या बसने काका सप्तशृंगीच्या गडावर गेला. देवीला केस द्यायचे आणि काकूचा बोडकेपणा आपल्या डोक्यावर घ्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. नवसाला आमच्याकडे नुसतं डोकं करतात, मिशी राखतात. मिशी जाते ती घरातलं माणूस गेल्यावर. पण काकूच्या उशाशी जागून जागून थकलेला काका वस्तऱ्याखालीच डुलक्या घेऊ लागला आणि गडावरच्या न्हाव्याने घाईत मिशीही उतरवली.

दुसऱ्या दिवशी काका गल्लीत शिरला. शेजारच्या भिकुबाईने ते डोकं पाहिलं, तो उघडा ओठ पाहिला आणि ओट्यावरच बसकण मारली.

“तानुबाई वं, माले सोडीसन कशी गयी वं!”

आमच्या गल्लीला रडायला एवढं पुरतं. बाया धावल्या, एकीचं ऐकून दुसरी गळा काढू लागली. सकाळीच काकूच्या हातचा चहा प्यालो होतो, तरी मीही काकूच्या दाराकडे पळालो. तेवढ्यात दार उघडून काकू बाहेर आली. घाईत पदर डोक्यावरून घसरला होता.

“कोन गयं वं, भिकुबाई?”

भिकुबाईचा सूर तोंडातच राहिला. काकूने नवऱ्याकडे पाहिलं. काका ओशाळला.

“तुन्हा दोष मी लिधा,” तो म्हणाला. “माले डुलकी लागनी व्हती, न्हावीनी मिशी बी काढी टाकी. आते चाल धुयाले, सलाईन लेवाले.”

काकूने पदर सावरला नाही. सगळ्या गल्लीसमोर तशीच उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता रडायला लागली.

“चाला. तुम्हनी मिशी येस तवपावत तरी माले जगनं पडी.”

राहिलेल्या सगळ्या सलाईनी तिने घेतल्या. मिशी आली, काकूचे केसही आले, आधी नव्हते असे कुरळे. काही वर्षं चांगली गेली. मग गाठ परत आली आणि काकू गेली.

दहाव्याला झुलाल न्हावी पांझरेच्या काठी बसला. अग्नी मी दिला होता, त्यामुळे आधी माझं डोकं झालं, मिशी झाली. मग त्याने काकाला बोलावलं. काका जागचा हलला नाही. मंडळींत कुजबुज सुरू झाली, कोणीतरी त्याला रीत समजावू लागलं.

“मी तिना जीवकरता केस दिधात,” काका म्हणाला. “मरनकरता नही देवाव.”

झुलालने वस्तरा मिटून पेटीत ठेवला. काकाने तळहात ओठावर घट्ट दाबला आणि मिशी झाकून तो रडू लागला.