बाथरूमची कडी

आमच्या बाथरूमची कडी मंगलताईंनी काढली होती आणि मी ती परत बसवली, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मंगलताई बुधवार पेठेतल्या. नवऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर कायम त्यांच्या पर्समध्ये असे. त्यांचा मुलगा गर्दपायी गेला, तोही आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये. दार फोडेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून गर्द घेणारा ज्या घरात असेल, तिथे त्या जायच्या. आधी हक्काने चहा मागायच्या, मग कडी काढायच्या. मला म्हणाल्या, "अहो मोहनराव, लाजेला पडदा पुरतो."

घरात मी आणि माझा धाकटा भाऊ सुहास, दोघेच. त्याला त्या "सोड" असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "घेतलीसच तर एकटा बसू नकोस रे. भावाला हाक मार. त्याचं तोंड आंबट होईल, होऊ दे. एरवी तरी कुठे गोड असतं?" सुहास खो खो हसायचा. तसं हसणं आमच्या घरात त्यानंतर झालं नाही. त्यांच्याबरोबर घरोघरी जाणाऱ्या गटातल्या बायकांनी मला उशीवर टोचायला लावून, गर्द जास्त होऊन शुद्ध हरपली तर द्यायचं उताऱ्याचं इंजेक्शन शिकवलं. "उशी वाचली हो!" म्हणून ताईंनी टाळ्या वाजवल्या होत्या.

गणपतीत माझ्या खराडीच्या ऑफिसातली मंडळी दर्शनाला येणार होती. बाथरूमला कडी का नाही, म्हणून विचारलं तर? सकाळीच बसवली. मंडळी मोदक खाऊन गेली आणि कडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सुहास आत गेला. हाकेला ओ देईना. इंजेक्शन माझ्या हातात होतं आणि दार उघडत नव्हतं.

सुहास गेल्यावर मंगलताई भेटायला आल्या. फुटलेल्या दारावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमच्याकडची कडी मी काढली होती ना?"

"आठवत नाही, ताई."

"मग विसरलेच असेन."

त्यानंतर कुठल्याही घरातून निघताना त्या परत आत जायच्या, दार ओढून बघायच्या. नव्या बायकांना सांगायच्या, "मी एकदा विसरले. तुम्ही विसरू नका." मी शेजारी बसून चहा पीत असायचो.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. गटातल्या बायका अजून घरोघरी सांगतात, "आमच्या ताईसुद्धा एकदा विसरल्या होत्या."

त्या विसरल्या नव्हत्या. हे त्या बायकांना समोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.