आडवी बाटली

फोनवर संतोषचं नाव दिसलं, की मी आधी त्याची जीभ जड झालीय का तेवढंच ऐकते. त्या सकाळीही तेच केलं. "ताई, आय गेली," तो म्हणाला. जीभ जड नव्हती. आधी हायसं वाटलं, मग तो काय म्हणाला ते कळलं... हौसामावशीने, त्याच्या आईने, आम्हा सगळ्यांनाच ही सवय लावून ठेवली होती.

कान्ह्याजवळच्या त्यांच्या वाडीत मी अंगणवाडी चालवायची, तेव्हापासूनची आमची मैत्री. मावशीचा नवरा दारूनेच गेलेला. संतोष वराळ्याच्या कारखान्यात लागला आणि येता-जाता गावातल्या दारूच्या दुकानात थांबू लागला. मावशीने ते दुकान हटवायचंच असं मनावर घेतलं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, नाहीतर बाटली उभीच. मावशी दारोदार हिंडली. कुणाच्या घरात तेलाची बाटली उभी दिसली, तरी ती आडवी करायची. तेल सांडायचं, बायका शिव्या घालायच्या, पण गोष्ट डोक्यात बसायची. तिचा हा आगाऊपणा मला फार आवडायचा.

मतदानाच्या दिवशी आम्ही शाळेपाशी पोचलो आणि जागीच थबकलो. फाटकात संतोष आडवा पडला होता. सकाळीच कुणीतरी त्याला पाजून तिथे आणून टाकलं होतं. आडव्या माणसाला ओलांडायचं नसतं, त्याचं आयुष्य घटतं म्हणतात... बायका पाय मागे घेऊ लागल्या. दोघीतिघी घराकडे वळल्यासुद्धा. एक जण मावशीजवळ आली.

"मावशे, ऱ्हाऊ दे गं. तुज्या पोराला वलांडून कोन जाईल?"

"वलांडता कशाला? उचला त्याला!" मावशी कडाडली. "मला बाटली आडवी पायजे, पोरगा न्हाई!"

चौघींनी हातपाय धरून त्याला ओट्यावर निजवलं. मावशीने त्याच्या डोक्याखाली आपली पिशवी सारली आणि रांगेत पहिली जाऊन उभी राहिली. वळलेल्याही परत आल्या. दुकान बंद झालं.

संतोष मात्र लगेच सुटला नाही. हमरस्त्यावर दुकानं होतीच. त्याची दारू सुटायची, पुन्हा लागायची. कामावरून त्याची चाहूल लागली, की मावशी चुलीपासूनच विचारायची, "उबा हाईस का रं?" तो "उबा हाय, आये" म्हणाला, की ताटं घ्यायची. गप्प राहिला, तर त्या रात्री ती जेवायची नाही. अलीकडे मात्र तो रोज उत्तर द्यायचा.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी मी गेले. शेजारीण दारातच म्हणाली, "आता त्याला इचारनारं कोन हाय, ताई?" मी आत जाऊन कणगीच्या आडोशाला बसून राहिले.

संतोष आला. मी त्याला दिसले नाही. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून बाटली काढली, तसं मी वाकून पाहिलं. पाण्याची होती. त्याने झाकण घट्ट पिळलं, बाटली फळीवर आडवी ठेवली आणि विझलेल्या चुलीकडे बघून म्हणाला, "उबा हाय, आये."