डाव्या हाताचा चमचा

ऑर्कुटवरच्या मंडळींनो, आज अहेरीत माझा चमचा हरता हरता वाचला!

सहा वर्षांच्या रुखसारचा उजवा हात जन्मापासून आखडलेला, डाव्याची पकडही कच्ची. म्हणून मी, तिची थेरपिस्ट, तिच्या डाव्या हातासाठी वाकड्या मानेचा चमचा बनवला, मुठीला सायकलच्या ट्यूबची जाड पट्टी गुंडाळली आणि खुशीत तिच्या घरी गेले.

चमचा पाहून तिची अम्मी थबकली. "बाई, डाव्या हातानं जेवन? आमच्यात नाई चालत."

मी स्वतःवरच चिडले. एवढी मापं घेतली, पण हे विचारायचंच राहिलं! रुखसारनंही चमचा खाली ठेवला.

तेवढ्यात तिचे अब्बा शिलाई मशीनवरून उठले, तिच्याजवळ बसले आणि दुसरा चमचा स्वतःच्या डाव्या हातात धरला. "चल बेटा, मले बी शिकव."

पहिलाच घास त्यांच्या दाढीत सांडला. रुखसार खदखदून हसली. मग तिनं चमचा भरला, डुगडुगत तोंडापर्यंत नेला, आणि वरणभात आत!

 अम्मीनं तिच्या ताटात आणखी भात वाढला.

आजवर दुसऱ्यांच्याच हातून जेवलेल्या या पोरीनं पुढचा घास अब्बांना भरवला. तुमच्या घरात असं कोणी आहे का, ज्याला आपण फक्त भरवतच आलो?